बाटलीतली आंबील

आमच्या साडूभाऊंना या देशाच्या भवितव्याची जेवढी खात्री होती, तेवढी मला उद्याच्या सकाळचीही कधी वाटली नाही. देश पुढे जाणार आणि खातपीत पुढे जाणार, हे त्यांचं ठाम मत. "साडूभाऊ, आपली माणसं अजून भूक लागली की खातात," ते मला सांगत, "उद्या वेळ मिळाला की खातील, परवा वेळ जात नाही म्हणून खातील. धंदा तिथं आहे!" ते मूळचे नाशिककडचे, सिल्वासाजवळ राखोलीच्या एका सरबतांच्या कारखान्यात नवी पेयं तयार करण्याचं काम त्यांच्याकडे होतं. मी सिल्वासातच मराठी शिकवतो. आमच्या बायका सख्ख्या बहिणी.

त्यांच्याबरोबर आमलीच्या बाजारात जाणं ही शिक्षा होती. दुकानात शिरले की पाकीट उलटं करून मागचा बारीक मजकूर ते मोठ्यानं वाचत. "शेठ, ह्या आंब्याच्या रसात आंबा यादीत शेवटून दुसरा आहे!" गुजराती दुकानदार हात जोडून म्हणे, "साहेब, लेवानुं छे के वांचवानुं?" लग्नाच्या पंगतीत मठ्ठ्याची वाटी नाकाशी धरून तो बाटलीत किती टिकेल याचा विचार करत बसत, आणि वाढपी ताटकळत. घरी आलेल्या पाहुण्यापुढे एकसारखे तीन पेले येत. दोनांत एकच सरबत, तिसऱ्यात किंचित वेगळं. वेगळा पेला कोणता ते ओळखायचं आणि तोवर तोंडातून शब्द काढायचा नाही, कारखान्यात पद्धतच तशी. पुतणीला बघायला आलेल्या मंडळींनाही त्यांनी या परीक्षेला बसवलं. मुलाचे वडील बराच वेळ मुकाट्यानं घोट घेत राहिले आणि शेवटी म्हणाले, "मुलगी पसंत आहे, पण आता साधा चहा मिळेल का?"

एवढ्या उद्योगात त्यांचा जीव अडकला होता तो मात्र एकाच गोष्टीत. नागलीची, म्हणजे नाचणीची, आंबील बाटलीत भरून देशभर न्यायची. ती चालली तर तुमची सगळी नागली आम्हीच घेऊ, असा शब्द त्यांनी जवळच्या खेरडी गावच्या शेतकऱ्यांना देऊन ठेवला होता. पहिल्या बाटल्या स्वयंपाकघरातच फुगल्या आणि झाकणं छताला जाऊन लागली. "बघा, झेप कशी आहे!" हे वर. पुढे त्यांनी आंबील टिकवून दाखवली, आणि नेमकी तेव्हाच एका तापानंतर त्यांच्या जिभेची चव गेली. ही गोष्ट घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हती. मग रोज सकाळी ताई, म्हणजे त्यांची बायको, पहिला घोट घेई आणि हे तिच्या तोंडाकडे निकालाची वाट बघत उभे.

"आंबट झालीय."

"किती?"

"परवा माझ्या आईशी बोललात ना, तेवढी."

"मग फारच झाली," असं म्हणून ते ताक कमी करायला लागत.

मुंबईहून मोठे साहेब आले, आंबील प्यायले, खूश झाले. "फक्त नागलीची चव येतेय," ते म्हणाले. "ती काढा. नागली नावापुरती चिमूटभर ठेवा, स्ट्रॉबेरी घाला, लगेच बाजारात आणू." साडूभाऊंनी तेही करून पाहिलं. गुलाबी बाटली घेऊन ते घरी आले तेव्हा मी तिथंच होतो. ताईनं घोट घेतला आणि बाटली खाली ठेवली.

"विकेल हो. धो धो विकेल. पण यात आंबील कुठंय?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी साहेबांना चव जमत नसल्याचं कळवलं आणि ते काम तिथंच थांबलं. खेरडीला ते स्वतः जाऊन सांगून आले. येताना रिक्षातून नागलीचं पोतं घेऊन उतरले. "एवढी नागली दोन माणसांना?" ताई कडाडली. ते म्हणाले, "देशाला जरा वेळ लागतोय. तोवर आपण पिऊ."

यंदा ते गेले. आमलीच्या दुकानांत आता नागलीची बिस्किटं दिसतात. देश निघाला असावा. ताई अजून सकाळी आंबील करते. पहिला घोट घेतला की सवयीनं मान वर करते. परवा तिच्यासमोर मी बसलो होतो. "जरा आंबट झालीय," ती म्हणाली. किती, असं विचारणारं कुणी नव्हतं. तिनं माझा पेला भरला.