पल्लवीताईंच्या गाडीची टकटक

"टॅपेट आहेत," मी जाहीर केलं.

इंजिन चालू, बॉनेट उघडं, आणि मी रबरी नळीचं एक टोक कानाला लावून दुसरं इंजिनावर फिरवत उभा. अशा वेळी मेकॅनिक डॉक्टरसारखा दिसतो. मला ते फार आवडतं.

"नक्की ना, सुधाकरभाऊ?" पल्लवीताईंनी विचारलं. "पुढच्या महिन्यात स्पर्धा हाय माझी."

"ताई, हा आवाज मी झोपेतसुद्धा ओळखतो."

झोपेतच ओळखला होता, असं आता म्हणावं लागेल.

पल्लवीताई जिंतूरकडच्या. घरी कापूस, सोयाबीन. नवरा शेती बघतो. यांना नाद ऑटोक्रॉसचा. म्हणजे मोकळ्या मैदानात शंकू मांडून वळणावळणाचा रस्ता आखायचा, गाड्या एकेक करून सोडायच्या, सगळ्यात कमी वेळात येईल तो जिंकला. त्यासाठी त्यांनी आपल्या छोट्या पेट्रोल गाडीला पुण्याहून हेडर बसवून आणला होता. गाडी एकच. त्यामुळे स्पर्धेलाही तीच, बाजारालाही तीच, आणि सासूबाईंना परभणीला लेकीकडे सोडायलाही तीच.

माझं गॅरेज परभणीत, जिंतूर रोडला. बोर्डावर पूर्वी 'सर्व गाड्या दुरुस्त होतील' एवढंच होतं. पल्लवीताईंची गाडी यायला लागल्यावर मी खाली 'परफॉर्मन्स स्पेशालिस्ट' लिहून घेतलं. परफॉर्मन्सची गाडी तेवढी एकच येते, ही गोष्ट बोर्डावर लिहिलेली नाही.

हेडर म्हणजे काय, ते सांगतो. इंजिनात पेट्रोल जळलं की धूर बाहेर पडायला प्रत्येक सिलिंडरला एक तोंड असतं. कंपनीच्या गाडीत त्या तोंडांवर ओतीव लोखंडाचा जाड मॅनिफोल्ड असतो. हेडरमध्ये त्याच्या जागी प्रत्येक तोंडाला वेगळा, पातळ, लांब पाइप. सगळे पाइप पुढे एकत्र येतात. धूर मोकळा निघतो, इंजिनाला ताकद येते. पण हे पाइप जिथं इंजिनाला चिकटतात तिथली पट्टी, म्हणजे फ्लँज, उष्णतेनं वाकू शकते. वाकली की फट पडते. फटीतून धूर निसटताना टकटक वाजतं. अगदी टॅपेटसारखं, म्हणजे इंजिनातल्या झडपा दाबणारे दट्टे ढिले झाले की वाजतात तसं.

मी टॅपेट सेट केले. ट्रायल घेतली. गाडी गप्प. मी विजयी मुद्रेनं चावी दिली. गंमत अशी की इंजिन तापलं की धातू फुगतो, फट बुजते आणि आवाज आपोआप बंद होतो. मी काहीच न करता नुसता चहा पीत बसलो असतो, तरी ट्रायलला गाडी गप्पच राहिली असती.

आठवडाभरात ताई परत.

"सकाळी सुरू केली की वाजायलीय. मग थांबायलीय."

या वेळी मी गाडी थंड होऊ दिली आणि नीट बघितलं. फ्लँजच्या कडेला काजळीचा काळा पट्टा होता. धूर कुठून निसटतो ते गाडीनं स्वतःच लिहून ठेवलेलं. मी हेडर सोडवला, फट बुजवायला मध्ये भारीतलं पॅकिंग टाकलं आणि बोल्ट आवळले. किती आवळायचे याचा आकडा असतो, तो मोजायला टॉर्क रेंच नावाचा पाना असतो. माझ्याकडे तो होता, डब्यात, नव्यासारखा. मी हातानंच आवळले. आमच्या गॅरेजात माझ्या हाताची कीर्ती आहे. ती मीच पसरवली आहे.

त्याच वेळी मागच्या सीटवर बसलेल्या कुसुमताई, म्हणजे ताईंच्या सासूबाई, म्हणाल्या, "या गाडीत बसलं की माझं डोकं दुखायलंय. मळमळ व्हायलीय."

"आत्याबाईंना ही गाडीच आवडत न्हाई," ताई हसल्या. "बसल्या की डोकं धरतेत."

"मावशी, गाडी जरा कडक आहे. सवय होईल," मी म्हणालो.

कुसुमताईंनी माझ्याकडे असं बघितलं, की मी पाने पुसायला लागलो.

स्पर्धेच्या आधीच्या गुरुवारी दुपारी पल्लवीताईंचा फोन आला.

"भाऊ, आत्याबाईंना चक्कर आली. बोरीच्या पुढं आल्यावर बोलायच्याच बंद झाल्या. दवाखान्यात आणलंय. डॉक्टर इचारायलेत, गाडीत धूर येतो का म्हणून."

मी दवाखान्यात पोचलो तेव्हा कुसुमताईंना ऑक्सिजन लावलेला होता. रस्त्यावर धुरळा होता म्हणून काचा बंद केलेल्या. ताईंचंही डोकं जड झालं होतं, पण त्यांना वाटलं ऊन लागलं. जळलेल्या पेट्रोलच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला स्वतःचा वास नसतो. माणूस पेंगुळतो, त्याला वाटतं थकवा आलाय.

मी कॉटशेजारी जाऊन उभा राहिलो. कुसुमताईंनी मास्क बाजूला केला.

"सवय न्हाई झाली, बाबा," त्या म्हणाल्या.

नर्सनं त्यांना दटावून मास्क परत लावला. मला कुणीतरी दटावायला हवं होतं, पण सगळे सभ्यपणे वागत होते. ते जास्त लागलं.

संध्याकाळपर्यंत कुसुमताई उठून बसल्या. डॉक्टरांनी एक रात्र ठेवून घेतलं आणि शुक्रवारी सकाळी लेकीकडे पाठवलं. तोवर मी गाडी गॅरेजवर ओढून आणून हेडर काढून बाकावर ठेवला होता. त्यावर सरळ पोलादी पट्टी आडवी धरली. पट्टीखालून उजेड दिसला. फ्लँज मधोमध उचललेली. त्यावर जगातलं कुठलंही पॅकिंग टाकलं तरी टिकणार नव्हतं. पुढं बघितलं तर कडेच्या एका स्टडचे, म्हणजे इंजिनात रुतवलेल्या बोल्टचे, आटे गेलेले. हा माझ्या कीर्तिमान हाताचा पराक्रम. शिवाय हेडरच्या पुढच्या पाइपाला आधाराचा ब्रॅकेटच नव्हता. म्हणजे अख्ख्या सायलेन्सरचं ओझं त्या पातळ पट्टीवर लोंबकळत होतं आणि प्रत्येक गचक्याला तिला खाली ओढत होतं. आणि इंजिन नि केबिनच्या मधल्या पत्र्यात, कुणीतरी मीटरची वायर आत घ्यायला भोक पाडलेलं, त्याला रबर नव्हतं. निसटलेला धूर तिथून थेट पाहुण्यासारखा आत जात होता.

ताई गॅरेजवर आल्या. "भाऊ, परवा स्पर्धा हाय. काचा उघड्या ठेवून चालवते. मग द्या की गाडी."

"नाही देत."

"कामून? माझी गाडी हाय."

"तुमचीच आहे. चावी माझ्या खिशात आहे."

ताई चिडल्या. त्यांनी सासूबाईंना फोन लावला, बहुधा आपल्या बाजूनं साक्षीदार म्हणून. कुसुमताईंचा आवाज मला पलीकडून ऐकू आला. "त्याला म्हणावं, या खेपेला कानानं न्हाई, डोळ्यानं बघ. आन् तुला रविवारी जायचंय, हे बी सांग."

मी हेडर घेऊन लेथवाल्या रफीकभाईंकडे गेलो. त्यांनी फ्लँज डोळ्यासमोर धरली. "उस्ताद, ये फ्लँज हाय की भुना हुआ पापड?" फ्लँज घासून सपाट करायचं काम त्यांनी हातातलं दुसरं काम बाजूला ठेवून केलं. तोवर मी आटे नवे पाडून घेतले, भोकाला रबर लावलं, पाइपाला ब्रॅकेट केला. नवीन पॅकिंग टाकलं. डब्यातला टॉर्क रेंच बाहेर काढला. बोल्ट मधल्यापासून सुरू करून कडेला जायचं, आणि एका दमात न आवळता थोडं थोडं करत आकड्यापर्यंत न्यायचं. कडेचे आधी आवळले तर मध्ये फुगा राहतो. हे मला आयटीआयमध्ये शिकवलं होतं. परीक्षेत मी बरोबर लिहिलंही होतं.

मग तपासणी. थंड इंजिनात सायलेन्सरच्या तोंडातून हवा भरायची आणि जोडांवर साबणाचं पाणी मारायचं. गळती असेल तिथं बुडबुडे येतात. हवा भरायला मी घरचा व्हॅक्यूम क्लीनर आणला, उलटा फुंकणारा. तो उचलला तेव्हा बायको घराच्या दारात उभी होती.

"तो सोफ्यासाठी आणलाय," ती म्हणाली.

"एक सासू वाचवायचीय," मी म्हणालो.

"कुणाची?" तिनं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता आत गेली.

बुडबुडा एकही आला नाही. मी जोडांवर इतकं साबणपाणी मारलं की गाडीचं इंजिन जन्मात एवढं स्वच्छ झालं नसेल. इंजिन तापवलं, पूर्ण थंड होऊ दिलं. पॅकिंग पहिल्या तापण्यात थोडं बसतं आणि बोल्ट ढिले होतात, म्हणून परत रेंच लावला. दोन बोल्ट खरंच फिरले. हीच पायरी मी आजवर प्रत्येक गाडीत गाळत आलो होतो.

रविवारी मैदानावर गाडी मीच चालवत नेली. काचा बंद ठेवून. सोबत कार्बन मोनॉक्साइड मोजायचं यंत्र होतं, एका ओळखीच्या हीटरवाल्याकडून मागून आणलेलं. त्याच्यावर शून्य होतं. तरी दर मैलाच्या दगडाला मी स्वतःला स्वतःचं नाव विचारत होतो.

पल्लवीताई सुरेख पळाल्या. शेवटच्या वळणावर एक शंकू उडवला, त्याचा दंड लागला, चौथ्या आल्या. गाडी कुठं वाजली नाही. कुसुमताई लेकीसोबत ऑटोनं आल्या होत्या, पदर नाकाला लावून कडेला बसल्या होत्या.

"लय धुरळा केला गं," त्या सुनेला म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "बघ, एवढ्या धुरळ्यात सुद्धा डोकं न्हाई दुखलं."

ती शाबासकी होती की टोमणा, मी विचारलं नाही.

आता हेडरची गाडी आली की मी त्याच दिवशी सोडत नाही. तापवतो, थंड होऊ देतो, बोल्ट पुन्हा तपासतो, मगच चावी. गिऱ्हाईक चिडतं. चिडलेलं गिऱ्हाईक चालतं. चक्कर आलेलं चालत नाही.