मेंढरांच्या वाटेवरचे केंद्र

"मॅडम, कंपाउंड वॉल चारही बाजूंनी हवी. आपल्याला मेंढ्यांची ओपीडी काढायची आहे का?" ट्रस्टच्या अध्यक्षांनी माझ्या साइट प्लॅनवर लाल पेन टेकवले.

पौडच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी, गावांसाठी मानसिक आरोग्य केंद्र बांधायचे होते. मी त्याची आर्किटेक्ट. चालणे, मातीकाम आणि झाडांखालचा वावर हा उपचाराचाच भाग असेल, असे डॉक्टरांशी ठरले होते. त्यामुळे सर्क्युलेशन सर्वांत महत्त्वाचे. सर्क्युलेशन म्हणजे माणसे कुठून येतात, कशी फिरतात आणि कुठे थांबतात, याची आखणी.

जागेच्या मागच्या बाजूने मेंढरांची जुनी पायवाट जात होती. पहिल्या ड्रॉइंगमध्ये मीच ती भिंतीने बंद केली होती. ती चूक त्या वाटेने मेंढरे नेणाऱ्या हिराबाईंनी दाखवली. मोजणी चालू असताना त्या मेंढरे घेऊन आल्या आणि पुढच्या गेटसाठी टाकलेली फक्कीची पांढरी रेघ पाहून थांबल्या.

"बाई, हितनंच आत यायचं व्हय?"

"हो. समोरच एसटी थांबते."

"मग माजी सून न्हाई यायची. बाळ गेल्यापास्नं बोलत न्हाई ती. गेटातनं आत गेली, तर टपरीवरची मानसं म्हनत्याल येडी झाली. मेंढरांमागं गेली, तर म्हनत्याल चारायला गेली."

त्याच आठवड्यात मी मागची भिंत खोडली. पायवाट जांभळाखालून, समुपदेशनाच्या कट्ट्याजवळून नेली. अध्यक्षांच्या लाल पेनाखाली होते ते हेच नवे ड्रॉइंग.

"भिंत नसेल, तर मला दुसरा आर्किटेक्ट बघावा लागेल."

"अवश्य बघा. भिंतीच्या ड्रॉइंगवर माझी सही होणार नाही. आणि नव्या आर्किटेक्टला आधी हिराबाईंकडे पाठवा."

"या हिराबाई कोण?"

"तुमच्या पहिल्या पेशंटच्या सासूबाई. मागची वाट बंद केलीत, तर ती पेशंट येणार नाही."

अध्यक्षांनी पेनाला टोपण लावले. "पुढचं गेट मात्र मी म्हणेन तसंच."

"चालेल."

केंद्र सुरू झाल्यावर कित्येक दिवस हिराबाईंची सून मेंढरांमागून नुसतीच पुढे जात असे. मग एका सकाळी ती कट्ट्यावर टेकली. समुपदेशक बाईंशी तिचे पहिले बोलणे एका लंगड्या कोकराविषयी झाले, हे हिराबाईंनीच मला सांगितले.

प्लॅन कागदावर काढण्याआधी तो जमिनीवर कोणी काढून ठेवला आहे का, हे पाहावे. पुढचे गेट भक्कम झाले आहे. त्यातून मुख्यतः अध्यक्ष येतात.