पडद्याआडची साळुबाई

आहुप्याच्या साळुबाईचं नाव निघालं की मला आधी माझाच राग येतो.

डोंगरातल्या वाड्यांवर नवरीला हळद लागायची ती तिच्या गाण्यावर. दिवसभर रानात हिरडा वेचून ही बाई दोन-दोन कोस चालत लग्नघरी जायची आणि जात्याशी बसून गायला लागायची. मी तेव्हा तळेघरच्या बाजूला शाळेत शिकवत होते. १९९७ साली पुण्यात कसलासा लोककला महोत्सव होता, तिथं साळुबाईला आणि तिच्याबरोबरच्या आठ बायकांना मीच घेऊन गेले. ठेवणीतली लुगडी, नवी पोलकी, चापून बसवलेले केस. एसटीत सगळ्या लग्नाला निघाल्यासारख्या बसल्या होत्या.

रंगमंचामागे दिग्दर्शक म्हणवणारे एक गृहस्थ भेटले. त्यांनी बायकांना वरून खाली न्याहाळलं आणि मला म्हणाले, "या आदिवासी वाटत नाहीत हो."

मग कशा दिसायला हव्या होत्या? त्यांच्याकडे उत्तर तयार होतं. प्लॅस्टिकच्या पानांच्या माळा आणि काळ्या रंगाचा डबा. पोलकी काढायची, पानं गुंडाळायची, तोंडाला आणि दंडांना रंग फासायचा. साळुबाई जरा उजळ, तेवढाच तिचा गुन्हा.

ती शांतपणे म्हणाली, "पाला आमी गुरांपुढं टाकतो, भाऊ. अंगाला न्हाई लावत."

गृहस्थ चिडलेसुद्धा नाहीत. कॉलेजच्या आठ मुली त्यांनी रंगवून उभ्या केल्या. नाच मुलींनी करायचा, साळुबाईनं पडद्याआडून गायचं. तिथंच मी त्यांची खरडपट्टी काढायला हवी होती. काढली नाही. उलट साळुबाईला बाजूला घेऊन, आता आलोच आहोत तर गाऊन टाका, म्हणून गळ घातली. निव्वळ माझ्या शब्दाखातर ती माइकपुढं बसली.

पडद्याच्या फटीतून तिला सगळं दिसत होतं. लेकीला हळद लावताना आईचे डोळे भरून येतात, त्या ओळीवर काळ्या केलेल्या मुली भाले उंचावून 'हू हू' करत उड्या मारायला लागल्या. साळुबाई ओळीच्या मध्येच थांबली. तिनं माइक बाजूला सारला. मुलींची पावलं चुकली आणि त्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. आता तरी कुणी विचारेल, काय झालं म्हणून, असं मला वाटलं.

टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढच्या रांगेतली माणसं तर उठून उभी राहिली.

साळुबाई माझ्याकडं वळली. "बाई, नवरीला आजून हळद लागायचीय," ती म्हणाली, "आन् ही मान्सं टाळ्या वाजिवत्यात."

त्यानंतर बारा वर्षं ती डोंगरात गात होती. मी कुणाच्या हळदीला गेले की बसायला पोतं टाकायची, चहा द्यायची. गाणं मात्र मी उठून बाहेर पडेपर्यंत सुरू करायची नाही.