बिनशिंगाच्या गेंड्याचं डोकं

संग्रहालयात त्यांना सगळे सांगाडेकाका म्हणत. खरं नाव खोलीच्या दारावरच्या पाटीवर होतं, पण पाटी वाचतो कोण? अंगाने काटकुळे, मनगटाची हाडं वर आलेली, तेव्हा नाव शोभायचंही. काम मात्र बरोबर उलटं होतं. सांगाडा दुसऱ्यांनी जुळवायचा आणि यांनी त्यावर मांस चढवायचं. लाखो वर्षांपूर्वी नाहीशा झालेल्या जनावरांची हाडं वरच्या मजल्यावर यायची, तिथली शिकलेली माणसं ती ओळखून जागच्या जागी लावायची, आणि हे जनावर जिवंतपणी कसं दिसत असेल ते काकांनी तळमजल्यावरच्या खोलीत मातीत करून दाखवायचं.

लोकांना वाटतं हा कल्पनेचा खेळ आहे. असं कुणी बोललं की काका त्याचा हात धरून त्याच्याच कानशिलावर ठेवत.

"आता दात चावा. हललं ना काहीतरी? तो स्नायू. गालाच्या हाडाच्या कमानीखालून खाली जबड्याला जातो. जिथे चिकटतो तिथे हाड खडबडीत होतं. मेल्यावर स्नायू सडून जातो, खडबड राहते. मी ती चाचपतो. कल्पना करायला मी काय कवी आहे?"

समोरचा माणूस कानशिलावर हात ठेवून बराच वेळ दात चावत उभा राही.

ज्यांच्या हाताखाली काका हे काम शिकले, त्या उस्तादांचा एक दंडक होता: हाडाने सांगितलं नाही ते मातीने बोलायचं नाही. उस्ताद गेले, दंडक राहिला. त्यामुळे काकांची सगळी जनावरं सडसडीत, कातडं ताणून बसवलेली, हाडाचा प्रत्येक उंचवटा दिसणारी. कुठे चरबीचा थर नाही, लोंबता ओठ नाही. चरबी हाडावर खूण ठेवत नाही, मग ती घालायची कुणाच्या भरवशावर? या बाबतीत काका इतके कडक, की चहात साखर घालतानाही पुरावा मागतील, असं दारावरचा पहारेकरी म्हणायचा.

घरी ते आणि त्यांची थोरली बहीण. काकांचं लग्न राहूनच गेलं. कसं राहिलं ते त्यांनाही धड सांगता येत नसे. ताईचे यजमान गेले, मुलगी लग्न होऊन दूरच्या शहरात गेली, आणि ताई चार दिवसांसाठी म्हणून भावाकडे आली ती कायमचीच. लहानपणी आई आजारी असताना याच ताईने त्यांना मांडीवर घेऊन भरवलं होतं. साठीला टेकलेल्या भावाला ती अजून छोट्या म्हणायची, आणि नखांत माती असेल तर जेवायला बसू द्यायची नाही.

त्या वर्षी बिनशिंगाच्या गेंड्याची कवटी आली. आजच्या गेंड्याचा हा फार जुना भाऊबंद. मान लांब, उंची अशी की वरच्या मजल्याच्या खिडकीत तोंड घालावं, आणि नाकावर शिंग नाही. कवटी जवळजवळ अखंड होती. नव्या दालनासाठी तिच्यावरून पूर्ण आकाराचं डोकं करायचं ठरलं, आणि ते काम अर्थातच काकांकडे आलं.

स्नायू कुठे ते हाडांनी सांगितलं. पण खातानाचं तोंड हवं होतं, आणि जबडा हलताना गालाची कातडी कमानीखाली किती आत जाते, कानशिलावर कशी ताणली जाते, हे मेलेल्या कवटीवर कुठून दिसणार? जिवंत काहीतरी समोर हवं. चावायचे स्नायू तुमचे, माझे, घोड्याचे, सगळ्यांचे थोड्याफार फरकाने सारखेच. घरात घोडा नव्हता. ताई होती.

काकांनी डोक्याचा लहानसा मातीचा नमुना फळीवर बसवून घरी आणला आणि जेवणाच्या टेबलावर मांडला. ताई समोर बसून जेवायची, हे तिच्या गालाकडे बघत अंगठ्याने माती दाबायचे.

"ताई, हळू चाव जरा."

"तुझ्यासमोर जेवायचं म्हणजे परीक्षेलाच बसायचं रे."

कुरकुरायची, पण बसायची. पुढे पुढे तर केस नीट करून, दिव्याखालची खुर्ची स्वतःच ओढून घेऊन बसायला लागली. काकांना वाटलं, उजेड बरा पडावा म्हणून.

थंडी सुरू झाली तसा ताईचा चेहरा उघडत गेला. 'उघडत' हा शब्द काकांचा. आधी गालाच्या हाडाची कमान वर आली, मग तिच्याखाली सावली पडायला लागली, मग कानशिलाशी खळगा पडला, मग डोळ्यावरच्या हाडाची कड दिसायला लागली. महिनोन्महिने जे चाचपडत होते ते आपोआप डोळ्यांसमोर येत होतं. काका हरखून गेले.

"ताई, काय सुंदर हाड आहे गं तुझं!"

"या वयात हाडाचं कौतुक ऐकायचं होतं म्हणायचं," ताई म्हणाली आणि हसली. मग तिने अर्धं ताट बाजूला सारलं. "जात नाही रे आज."

"मग घास नको घेऊस. नुसतंच चावल्यासारखं कर."

आणि ताईने नुसतंच चावल्यासारखं केलं.

आता यावर काय बोलावं! माणूस वाईट नव्हता. बहिणीवर जीव होता. रोज संध्याकाळी समोर बसून बहिणीचं तोंड इतकं निरखणारा भाऊ अख्ख्या वस्तीत दुसरा सापडला नसता. आणि एवढं डोळ्यांत तेल घालून बघून त्याला दिसलं काय, तर स्नायू कुठे चिकटतो.

डोकं झालं. दालन उघडलं त्या दिवशी ही गर्दी. पोरं गेंड्याच्या जबड्याखाली उभी राहून वर बघत होती, मोठी माणसं काकांचा हात हातात घेऊन दाबत होती. जिवंत वाटतो हो, असं जो तो म्हणत होता, आणि काकांच्या अंगावर मूठभर मांस चढत होतं. ताईही आली होती, ढगळ झालेल्या कपड्यांना पिना लावून. ती त्या डोक्यासमोर बराच वेळ उभी राहिली.

"छोट्या," ती म्हणाली, "याला काहीतरी खायला घाल रे."

आजूबाजूचे सगळे हसले. सगळ्यांत जास्त काका हसले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत ताई स्वयंपाकघरात कोसळली. पोटातलं दुखणं, आत फार पसरलेलं. मुलगी धावत आली. दवाखान्यात पलंगाशी उभं राहून डॉक्टरांनी विचारलं, "वजन कधीपासून उतरतंय? घरात कुणाच्या लक्षात नाही आलं?"

काकांना सगळं क्रमाने सांगता आलं असतं. आधी कमान, मग सावली, मग कानशील. कोणत्या आठवड्यात काय दिसायला लागलं तेसुद्धा. भाची त्यांच्याकडे बघत होती.

"तसं काही दिसलं नाही," काका म्हणाले.

ताई जागी होती. तिने ऐकलं. ती भावाकडे बघत राहिली, आणि काकांनी खिडकीचा पडदा सारखा करायला घेतला.

थंडी सरायच्या आत ताई गेली. निघताना भाचीने मामाच्या पाठीवरून हात फिरवला. "मामा, मनाला लावून घेऊ नकोस. तू आपल्या कामात बुडालेला. तुला कुठे दिसणार होतं?"

दिसलं नाही म्हणून मिळालेली ही माफी काकांना आतून पोखरायला लागली. नसतंच दिसलं तर एक वेळ चाललं असतं. पण त्यांना दिसलं होतं, आवडलं होतं, आणि ते सगळं त्यांनी पूर्ण आकारात करून दालनात टांगलं होतं. त्या दालनावरून जायचं टाळायला ते मागच्या अरुंद जिन्याने ये-जा करू लागले. गुडघे कुरकुरत, पण जिना बदलला नाही.

वर्षभराने वरच्या मजल्यावर नव्या बाई आल्या. जुन्या हाडांच्या अभ्यासात डॉक्टरेट केलेल्या. बाई दालन बघून तडक खाली आल्या, स्टूल ओढून बसल्या आणि जरा चाचरत म्हणाल्या, "काका, डोकं अप्रतिम आहे. पण हा प्राणी आजारी आहे का?"

काकांच्या हातातली कोरणी थांबली.

"राग मानू नका," बाई म्हणाल्या. "पण आपण पाणघोडासुद्धा नुसत्या हाडावरून असाच केला असता, तर कुणी ओळखला नसता त्याला. गालात मांस असतं, चरबी असते, जाड ओठ असतात. हाड सांगत नाही म्हणजे नव्हतंच, असं थोडंच आहे?"

"बरोबर आहे तुमचं," काका म्हणाले. "भरून काढतो."

बाई भांडायची तयारी करून आल्या होत्या. इतक्या लवकर जिंकल्यामुळे त्या थोड्या हिरमुसल्याच.

काकांना मात्र सुटल्यासारखं झालं होतं, आणि सुटल्यासारखं झालं याचीच लाज वाटत होती. जुन्या डोक्यावर मातीचे चार जाड थर चढवायचे, त्याचा नवा साचा घ्यायचा, की ताईचा तो शेवटचा चेहरा कायमचा आत गाडला जाणार. कुणाला कधी कळणार नाही. शास्त्र जे सांगत होतं तेच मनातला चोरही सांगत होता, आणि काका कुणाचं ऐकत होते ते त्यांना पुरतं ठाऊक होतं.

मजुरांनी डोकं उतरवून खाली टेबलावर आणून ठेवलं, त्याच आठवड्यात भाचीचा फोन आला. आईचं कपाट आवरायला येते म्हणाली. "आणि मामा, तुझा गेंडाही दाखव. मागच्या वेळी त्या धावपळीत राहूनच गेला. आई फोनवर सारखी त्याच्याबद्दल बोलायची."

भाची यायला अजून अवकाश होता. बादलीत माती भिजून तयार होती. गाल भरायला कितीसा वेळ लागतो? ती आल्यावर तिला गुबगुबीत गेंडा बघायला मिळाला असता, मामाचं कौतुक करून, कपाट आवरून ती परत गेली असती. काका रोज माती हातात घेत, त्या खळग्यासमोर बसत, आणि संध्याकाळी माती बादलीत टाकून, डोक्यावर फडकं घालून घरी जात. बाईंनी दोनदा विचारलं. काकांनी माती अजून मुरली नाही असं सांगितलं.

भाची आली. कपाट आवरण्याआधीच काका तिला तळमजल्यावर घेऊन गेले आणि त्यांनी फडकं काढलं.

"केवढं आहे!" भाची हसली. डोक्याभोवती फिरली, नाकपुडीत हात घालून बघितला. फिरत फिरत डाव्या बाजूला आली आणि थबकली. दवाखान्यात पलंगाच्या याच बाजूला तिची खुर्ची होती. तिने गालाच्या कमानीखाली बोटं ठेवली, मग कानशिलाच्या खळग्यात.

"मामा, हे..."

"तुझी आई आहे," काका म्हणाले. "डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोललो. मला दिसत होतं गं. आधी गाल, मग कानशील, सगळं दिसत होतं. मला वाटलं, छान दिसतंय. तिला जेवण जात नव्हतं तेव्हा मी तिला नुसतंच चावायला लावलं."

भाचीने बोटं काढली नाहीत. ती आता ओरडेल, निघून जाईल असं काकांना वाटलं, आणि तिने तसं करावं असंही वाटलं.

"मी दर आठवड्याला म्हणायचे, येऊन जाते," ती सावकाश म्हणाली. "आवाज बारीक वाटायचा तिचा. तर म्हणायची, कशाला धावतपळत येतेस? छोट्याचं हल्ली माझ्याकडे फार लक्ष असतं. रोज समोर बसून मला जेवताना बघतो. इतकं कुणी माझ्याकडे बघितलं नव्हतं गं, म्हणायची. खूश होती. म्हणून मी आले नाही."

काका स्टुलावर बसले. दिव्याखालची खुर्ची, नीट केलेले केस, अर्धं ताट. सगळं एकदम डोळ्यांसमोर आलं. रडू आलं असतं तर बरं झालं असतं, पण तेही आलं नाही.

मग भाचीने विचारलं, "आता याचं काय करायचंय?"

"गाल भरायचेत. ते चुकलंय माझं."

"मग भर."

काकांनी बाह्या वर केल्या. बादलीतून गोळा घेतला, कमानीखाली दाबला, अंगठ्याने पसरवला, आणि कमानीची कड जिथे अजून दिसत होती तिथे त्यांचा हात सवयीने थांबला.

"अजून," भाची म्हणाली.

त्यांनी आणखी एक थर दिला. कड बुजली. हात पुन्हा थांबला.

"अजून."

"हा गेंडा आहे गं," काका हळूच म्हणाले.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. तिने पर्स टेबलावर ठेवली आणि डाव्या बाजूला स्टूल ओढून घेतलं. "अजून."

काकांनी बादलीत हात घातला.