मागच्या सीटवरचे साहेब

विश्वाचे नियम राव-रंक असा भेद करत नाहीत. राजाला ते जितके लागू तितकेच शिपायाला, आणि त्यांच्यापुढे कुणाची ओळख चालत नाही की चिठ्ठी चालत नाही. हे वाक्य आमच्या कंपनीत सुरक्षा सप्ताहाच्या उद्घाटनाला दरवर्षी म्हटलं जातं. ते म्हणणारे साहेब मंडपापर्यंत चालावं लागू नये म्हणून गाडी पायी जाणाऱ्यांसाठी आखलेल्या पिवळ्या पट्ट्यावर उभी करायला लावतात. ती गाडी हल्ली माझी असते.

आम्ही चाकणला गाड्यांच्या सीटा बनवतो. साहेब सुरक्षा विभागाचे प्रमुख आहेत आणि मी तपासणीच्या शेडमध्ये आहे. तिथे रुळांवरून पळणारा एक लोखंडी गाडा आहे. त्यावर सीटा ठोकायच्या, सीटांवर माणसाच्या मापाचे आणि वजनाचे पुतळे बसवायचे, गाडा वेगात सोडायचा आणि एकदम अडवायचा. मग जे झालं ते पडद्यावर सावकाश बघायचं. शेडमधले लोक पुतळ्यांना पाहुणे म्हणतात. मोशीचा एक जुना फिटर त्यांना बसवता बसवता म्हणतो, "ह्यो पाव्हणा लई गुणाचा हाय. बेल्ट लावला तर लावून घेतो, न्हाई लावला तर तक्रार न्हाई."

इतकी वर्षं तिथे काढून मी एकच गोष्ट शिकलो. गाडी थांबली म्हणून माणूस थांबत नाही. गाडीला ब्रेकने थांबवलेलं असतं, माणसाला कुणीच थांबवलेलं नसतं. तो आधीच्याच वेगाने पुढे जात राहतो आणि समोर जे येईल ते त्याला थांबवतं. पुढे बसलेल्याला त्याचा बेल्ट थांबवतो. मागे बसलेल्याने बेल्ट लावला नसेल, तर त्याला पुढची सीट थांबवते, आणि त्या सीटवर कुणीतरी बसलेलं असतं. पडद्यावर हे फार शांतपणे घडतं. मागचा पाहुणा उठतो, आदबीने वाकतो आणि पुढच्या पाहुण्याची सीटसकट घडी घालतो.

माझ्या गाडीत पुढच्या सीटवर माझी बायको बसायची. ती मोशीच्या शाळेत शिकवते. सकाळी आम्ही पिंपळे गुरवहून निघायचो, भोसरीतून नाशिक रस्त्याला लागायचो, मोशीला ती उतरायची आणि मी पुढे चाकणला जायचो. साहेब आमच्या पलीकडच्या गल्लीत राहतात. त्यांचा ड्रायव्हर गावाला गेला तो आलाच नाही, तेव्हा त्यांना पर्यावरणाची काळजी वाटू लागली. एका दिशेला जाणाऱ्या दोन माणसांनी दोन गाड्या नेणं हे पाप आहे, असं त्यांनी मला कंपनीच्या जिन्यात सांगितलं आणि दुसऱ्या दिवसापासून ते आमच्या फाटकाशी उभे राहू लागले. माझ्या बढतीच्या कागदावर ज्यांच्या सह्या लागतात त्यांत त्यांची एक आहे. पर्यावरणाविषयी माझंही मत अनुकूल झालं.

ते मागे डावीकडे बसतात. मोठ्या माणसाने तिथेच बसायचं असतं. ड्रायव्हर असताना लागलेली सवय ड्रायव्हर गेल्यावर सुटत नाही. म्हणजे बायकोच्या बरोबर पाठीमागे. साहेब भरदार आहेत. नेमकं वजन मला ठाऊक नाही, पण ते बसले की गाडीचे पुढचे दिवे किंचित आभाळाकडे बघू लागतात. बेल्ट ते लावत नाहीत. शेडमध्ये दिवसभर मी जे बघत होतो त्याची तयारी रोज सकाळी माझ्याच गाडीत होत होती, आणि पुढच्या पाहुण्याच्या जागी बायको मुलांच्या वह्या तपासत बसलेली असायची.

मी पहिल्यांदा विषय काढला तेव्हा साहेबांनी दिलेलं कारण खरं होतं. मागच्या सीटवर बेल्ट अडकवायला खाचच नव्हती. गाडी घेतली तेव्हा आम्ही चिंचवडच्या एका दुकानातून सीट कव्हरं घालून घेतली होती, चॉकलेटी, पांढऱ्या शिलाईची. दुकानदाराने खाचा कव्हरखाली दाबून वरून सफाईदार शिवून टाकलं होतं, आणि टोचायचं काही राहिलं नाही म्हणून आम्हीही त्याचं कौतुक केलं होतं. चाकणमध्ये आम्ही ज्या वस्तूची ताकद जिवापाड तपासतो, ती चिंचवडमध्ये अशी पुरली जाते. कुणाला त्यात वावगं वाटत नाही. मलाही वाटलं नव्हतं. एका रविवारी मी पात्याने शिलाई उसवली आणि खाच वर काढली. बायको बाल्कनीतून बघत होती. वर आल्यावर तिने विचारलं की ज्यांच्यासाठी हे चाललंय त्यांना ते ठाऊक आहे का.

सोमवारी साहेबांनी उसवलेली शिलाई बघितली आणि चांगल्या कव्हरचं वाटोळं झालं म्हणून हळहळले. बेल्टने शर्टाची इस्त्री मोडते, हे दुसरं कारण त्या दिवशी कळलं. आणि मागे कसली भीती, ते म्हणाले, मागची सीट म्हणजे आईची कूस. मी वेगाचं आणि वजनाचं गणित सांगायला घेतलं. ते मान डोलावत ऐकत राहिले आणि भोसरीच्या पुलाखाली झोपले.

मग मी त्यांना शेडमध्ये बोलावून फिल्म दाखवली. त्यांनी ती दोनदा लावायला सांगितली. मागचा पाहुणा पुढच्याला दुमडतो तिथे त्यांनी जिभेने चकचक केलं. ही प्रत्येक कामगाराला दाखवली पाहिजे, असं म्हणून त्यांनी माझी पाठ थोपटली. संध्याकाळी ते गाडीत बसले, दार लावलं, पोटावर हात ठेवले आणि म्हणाले, "चला राव. काय भयंकर असतं हो."

बेल्ट बाजूला लोंबत होता.

घरी मी बायकोला म्हटलं की उद्यापासून तू मागे बस, माझ्या पाठीशी. तिने भाजी परतणं थांबवलं नाही.

"साहेबांना बेल्ट लावा म्हणायला तुम्हाला जड जातं," ती म्हणाली, "आणि मला ऊठ म्हणायला जीभ कशी पटकन वळते?"

साहेबांना सरळ सांगायचं, नाहीतर गाडीत घ्यायचं नाही, एवढे दोनच मार्ग होते, आणि दोन्ही त्या सहीपाशी येऊन थांबत होते. मग मी सगळा भार चालवण्यावर टाकला. वेग कमी ठेवायचा आणि पुढच्या गाडीपासून अंतर सोडायचं. वेग दुप्पट झाला की थांबायला लागणारी जागा साधारण चौपट होते, हे पुस्तकात असतं. नाशिक रस्त्यावर असं अंतर सोडणं म्हणजे मोकळ्या प्लॉटला कुंपण न घालणं. आधी त्यात एक दुचाकी शिरते, मग रिक्षा, मग टेम्पो. मी पुन्हा मागे सरायचो, ती जागाही भरायची. तत्त्वाला धरून चालवत राहिलो असतो तर उलटा पिंपळे गुरवला पोचलो असतो.

मोशीच्या अलीकडे एका सकाळी असाच एक टेम्पो माझ्या अंतरात शिरला. त्याच्यापुढे कुणीतरी उलट्या बाजूने दुचाकी घातली, टेम्पोने ब्रेक दाबला आणि मी दाबला. वेग फार नव्हता. पायाखाली ब्रेक थरथरला, गाडी टेम्पोपासून हातभर अंतरावर थांबली, कुठेही ओरखडा नाही. गाडीपुरतं सगळं पुस्तकाप्रमाणे झालं. साहेब मात्र थांबले नव्हते. दोन्ही गुडघे आणि एक खांदा घेऊन ते पुढच्या सीटवर आले. सीट पुढे गेली, बायको बेल्टपर्यंत गेली आणि तिची मान पुढे झुकून झटक्याने मागे आली. वह्या तिच्या पायाशी पडल्या. तिने मान हाताने धरली.

मागून साहेब म्हणाले, "लागलं का हो वहिनी? मला नाही लागलं."

डॉक्टरांनी मानेला पट्टा दिला आणि नशीब वेग कमी होता म्हणाले. शेडमधल्या फिल्ममध्ये वेग यापेक्षा पुष्कळ जास्त असतो.

मला वाटलं होतं, आता तरी. पुढच्या आठवड्यात सुरक्षा सप्ताह होता. साहेबांनी भाषणात ही घटना सांगितली. चालक सतर्क असेल तर अपघात कसा टळतो, याचं उदाहरण आपण स्वतः, प्राण पणाला लावून, अनुभवलं आहे, असं ते म्हणाले. मला वर बोलावून शाल आणि नारळ दिला. मग सगळ्यांनी हात पुढे करून शपथ घेतली. साहेब एकेक ओळ सांगत होते आणि तीनशे माणसं त्यांच्यामागून म्हणत होती. बेल्टची ओळ चौथी होती. ती त्यांनी विशेष खणखणीत म्हटली. परत जाताना गाडीत बसल्यावर त्यांनी आस्थेने बायकोच्या मानेची चौकशी केली.

"वहिनींना जपायला सांगा," ते म्हणाले. "पुढच्या सीटवर धोका असतोच."

पट्टा सुटल्यावर बायकोने गाडीने यायचं सोडलं. आता ती शाळेतल्या दुसऱ्या एका बाईंच्या स्कूटरवर मागे बसून जाते, कंटेनर आणि दुभाजक यांच्या मधून. दोघी हेल्मेट घालतात, एवढंच बरं म्हणायचं. स्कूटरवर बेल्ट नसतो, पाठीला सीट नसते, आणि चारी बाजूंना पत्रासुद्धा नसतो. धडक बसली तर तिथे सगळा वेग अंगानेच रिचवावा लागतो. माझ्या गाडीत होतं त्याच्या कितीतरी पट हे वाईट आहे, आणि ते मला जितकं नीट कळतं तितकं आमच्या गल्लीत कुणालाच कळत नसेल. मी तिला ते कागदावर काढून दाखवलं. तिने पूर्ण वाचलं, कारण वाचायची तिला सवय आहे.

"माहीत आहे," ती म्हणाली. "पण तिथे माझ्यामागे कुणी बसत नाही."

सकाळी ती माझ्या आधी निघते. मी खाली येतो तेव्हा साहेब फाटकाशी उभे असतात. अजूनही ते मागे डावीकडेच बसतात. पुढची सीट रिकामी झाल्यापासून तिथे ते आपली बॅग ठेवतात. बॅग जड आहे, त्यामुळे गाडी तिला माणूस समजते आणि बेल्टसाठी वाजत राहते. त्या आवाजाने साहेबांची झोप मोडते, म्हणून निघण्याआधी मी बॅगेला बेल्ट लावतो.