चिंचेनं घासलेला कंपास

मुलांनो, परवा व्हिडिओ कॉलवर धाकटीनं ती राहते तिथल्या जुन्या बाजारात घेतलेली लष्करातली पाण्याची बाटली दाखवली. पट्ट्याची पितळी बकलं काळी पडली होती. "आजी, आधी घासून लख्ख करते आणि मग किंमत विचारते," असं ती म्हणाली. "अगं, हात लावू नकोस!" असं मी पोलीस ठाण्यातल्या आवाजात ओरडले आणि तुम्ही सगळे हसलात. हसण्यात कारण सांगायचं राहून गेलं. माझ्या नोकरीतला एक तपास हे ते कारण. त्यातलं एकेकाचं बोलणं मला अजून आठवतं, म्हणून विसरायच्या आत लिहून पाठवते आहे. नावं मात्र कुणाचीच घेणार नाही, कारण त्यातली बरीच माणसं आजही आपापल्या घरी नांदत आहेत.

मी तेव्हा सोलापूर शहरातल्या एका ठाण्याची प्रभारी होते. सकाळची हजेरी आटोपून स्टेशन डायरी वाचत होते, तेवढ्यात एका निवृत्त डॉक्टरांचा फोन आला. जुन्या लढाईतलं सैनिकी सामान जमवण्याचा त्यांना छंद होता.

"मॅडम, एक दुकानदार माझ्याकडे माल दाखवायला ठेवून गेलाय. मला तो चोरीचा वाटतो."

"कशावरून?"

"फार स्वच्छ आहे."

चोरीचा माल स्वच्छतेवरून ओळखणारा माणूस मला तोवर भेटला नव्हता. साध्या कपड्यांत, एका महिला हवालदाराला घेऊन मी त्यांच्या घरी गेले. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून तीन वस्तू मांडल्या होत्या: दिशा दाखवणारा, झाकणाचा पितळी कंपास, पट्ट्यात अडकवलेली पाण्याची बाटली आणि खांद्याला लावायची खाकी पिशवी.

डॉक्टरांनी भिंग दिलं. "हा बाण बघा. ब्रिटिश अमदानीत सरकारी लष्करी मालावर तो ठोकलेला असायचा. शेजारी साल आणि बनवणाऱ्याची खूण. नकली मालावर बाण सगळीकडे सारखाच ठळक असतो. खऱ्यावर कुठं खोल, कुठं पुसट. मग कापड, शिवण आणि बकल एकाच काळातलं आहे का ते बघायचं. आणि शेवटी बघायचा तो वरचा काळपट थर. तो शाबूत असेल तर पूर्ण भाव, घासून काढला तर निम्मासुद्धा नाही."

धाकटे, हे तुझ्यासाठी.

"म्हणजे हा माल नकली?" मी विचारलं.

"छे! अस्सल आहे, हीच तर गोम आहे. दुकानदार म्हणतो भंगाराच्या लिलावातून उचलला. पण लिलावातल्या कंपासाला कोण घासत बसेल? जुन्या वस्तूंचा दुकानदार तर मुळीच नाही. हा कुणीतरी वर्षानुवर्षं घासलाय. पिशवीसुद्धा इतक्यांदा धुतली आहे की शिपायाचा नंबर पार उडालाय."

कंपासाच्या बिजागरीत तपकिरी चोथा वाळून बसला होता. मी टाचणीनं काढून वास घेतला. चिंच होती. पिशवीच्या शिवणीत पिवळी पूड आणि लोकरीचे तंतू अडकले होते. हवालदार बाईंचं माहेर मंगळवेढ्याकडचं. त्यांनी एक नजर टाकली आणि म्हणाल्या, "ह्यो भंडारा हाय मॅडम, आन् ही मेंढराची लोकर. आमच्याकडं खंडेनवमीला समदी हत्यारं चिंचेनं घासून देवापुढं मांडत्यात. आमच्या बाच्या सायकलीलाबी हळदकुंकू लागतं."

"सायकलीचा भाव उतरला असेल मग," डॉक्टर म्हणाले.

"सायकल चालतीया अजून, डाक्टर. तुमच्या कपाटातलं काय चालतं का?"

डॉक्टर मोठ्यानं हसले. मी मात्र मनात जुळवणी करत होते. मेंढरं राखणारं घर, आणि त्या घरातला कुणीतरी जुन्या पलटणीत होता. हवालदार बाईंनी आईला फोन लावला, असं सामान कुणाच्या घरातून गेलंय का, हे आईनं भावकीत विचारलं आणि संध्याकाळपर्यंत गावाचं नाव हाती आलं. हद्द आमची नव्हती, म्हणून तिकडच्या अधिकाऱ्यांना कळवलं आणि सकाळी त्यांच्यासोबत त्या घरी गेले.

घरात त्या घरच्या सासूबाई आणि त्यांचा मुलगा होता, सून नव्हती. तिन्ही वस्तूंचे फोटो पाहताच सासूबाईंनी पदर तोंडाला लावला.

"आमच्या मामंजींचं हाय. कंपास त्यास्नी त्यांच्या सायबानं दिल्याला. लई जपलं हुतं."

"मग फिर्याद का दिली नाही?"

"घरातल्या घरात कुटं फिर्याद देत्यात का, बाई?"

हळूहळू उलगडा झाला. ज्वारीच्या काढणीला सगळं घर रानात गेलं होतं. सून मागं राहिली, भाकरी केल्या, कुलूप लावलं आणि जेवण घेऊन रानात गेली. संध्याकाळी येऊन पाहतात तर भिंतीतल्या देवळीतलं सामान नाही, आणि कुलूप जसंच्या तसं.

"कुलूप मोडलं न्हाय, कौल हाललं न्हाय. मग काय भुतानं नेलं?" सासूबाई म्हणाल्या. सुनेनं सामान कुणाला तरी दिलं, असं घरानं ठरवून टाकलं होतं. तिला वैरागजवळच्या माहेरी धाडलं होतं. आता तिला नांदवायचं की नाही, याची बोलणी चालू होती.

मी मुलाकडे वळले. "तुम्हाला काय वाटतं?"

"आईपुढं काय बोलायचं, मॅडम."

"आणि बायकोपुढं काय बोललात?"

तो मेंढरांचं निमित्त करून उठला. तेव्हा मला कळलं की हा तपास तीन जुन्या वस्तूंपुरता नाही. माल परत मिळाला तरी तो घरातून बाहेर कसा गेला हे सिद्ध झालं नाही, तर ती मुलगी जन्मभर चोर ठरणार होती.

तिकडच्या ठाण्यात फिर्याद नोंदवली आणि पुढचा तपास दोन्ही ठाण्यांनी मिळून केला. पंचांसमोर मालाची ओळख पटवून घेतली. डॉक्टरांनी आपले दोन कंपास मिसळायला दिले होते. सासूबाईंनी तिन्हींना हात लावला आणि एक उचलला. "ह्यो. ह्याचं झाकण उगडताना डाव्या अंगाला अडकतं." उघडून पाहिलं, तर खरंच अडकत होतं.

मग दुकानदाराची चौकशी. गोड बोलणारा, पांढऱ्या शर्टातला माणूस. अशा माणसाला दरडावून उपयोग नसतो. मी चहा मागवला.

"माल कुठला?"

"लिलावातला, मॅडम. भंगार."

"कंपास कुणी घासला?"

"मीच. चमक आली की गिऱ्हाईक थांबतं."

"तुमच्या दुकानाचा पंचनामा झालाय. समया, तांबे, दिवे, एकही वस्तू घासलेली नाही. जुनेपणाला भाव असतो हे तुम्हाला कळतं."

"हा एकच घासला. पॉलिशनं."

मी भिंग आणि कागदावरचा चोथा त्याच्यापुढे सरकवला. "तुमच्या पॉलिशमध्ये चिंच घालतात का?"

तो बराच वेळ भिंगातून बघत राहिला. त्याच्यातला व्यापारी जागा झाला असावा, कारण चेहऱ्यावर भीती नव्हती, चक्क हळहळ होती. "बायकांनी वाटोळं केलं बघा मालाचं," तो म्हणाला. "नुसता ठेवला असता तर..."

आणि एकदम थांबला.

"कुठल्या बायकांनी?" मी विचारलं.

त्यानंतर लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. जुनं पितळ विकत घेण्याच्या निमित्तानं तो गावोगाव फिरायचा. या घरानं त्याला नकार दिला होता. काढणीत गाव ओस पडतं हे हेरून तो पुन्हा तिथं गेला.

"कुलूप कसं उघडलंत?"

"किल्लीनं. चौकटीवर होती. त्या भागात सगळ्यांची तिथंच असते, मॅडम."

लेखनिकाला मी हे वाक्य शब्दशः लिहायला सांगितलं. पोलिसांपुढची कबुली कोर्टात पुरावा होत नाही, हे आपल्या घरातल्या होऊ घातलेल्या वकीलबाई सांगतीलच. कोर्टासाठी जप्त माल, पंचनामा आणि डॉक्टरांची साक्ष होती. हे वाक्य मला दुसरीकडेच हवं होतं.

सासूबाईंना ते वाचून दाखवलं. त्या खाली बसल्या. "किल्ली तितं ठेवायला म्याच शिकवलं तिला. मला माज्या सासूनं शिकवल्यालं."

घरातून सगळ्यांत शेवटी निघालेली व्यक्ती म्हणून सुनेचा जबाब हवाच होता. मी आणि हवालदार बाई वैरागला निघालो, आणि सासूबाई आणि मुलगाही आमच्या गाडीत येऊन बसले. ती मुलगी ओसरीवर धान्य पाखडत होती. आम्हाला बघूनही तिनं सूप खाली ठेवलं नाही; पाखडता पाखडता सासूला म्हणाली,

"आत्या, जबाब देते मी. घरी येते का न्हाय, ते मागनं बघू. आदी माज्या आई-बासमोर सांगा, काय झालं ते."

सासूबाई उभ्या राहिल्या. "किल्ली चौकटीवर हुती. चोर तितनं आत गेला. तुजा काय संबंद न्हाय. माजं चुकलं."

मुलगी नवऱ्याकडे वळली. "आन् तुमी?"

"मीबी."

"मीबी काय?"

"मीबी चुकलो की!"

हवालदार बाईंनी हसू लपवायला तोंड फिरवलं. सूप एकदाचं खाली आलं.

कोर्टाच्या हुकमानं मुद्देमाल घरी परत गेला, तेव्हा डॉक्टर हौसेनं सोबत आले. "आता मात्र घासू नका, भाव जातो," त्यांनी बजावलं.

"इकायचाय कुणाला?" सासूबाई म्हणाल्या.

या तपासानं मला एक सवय लावली. न मोडलेलं कुलूप दिसलं की आपण पोलीससुद्धा आधी घरातल्या माणसांकडे बघतो, आणि त्यातही नव्यानं आलेल्या माणसाकडे. त्यानंतर मी प्रत्येक पंचनाम्यात आधी किल्लीची जागा विचारू लागले. त्या घराची किल्ली आता सुनेच्या कमरेला असते.

डॉक्टर आता नाहीत. त्यांचा संग्रह विकला गेला. त्या घरातला कंपास दर खंडेनवमीला चिंचेनं घासला जातो आणि बाणाची खूण जवळजवळ झिजली आहे. पण कंपास, बाटली आणि पिशवी, तिन्ही आजही त्या घरात आहेत.