पानाच्या माथ्यावरचं नाव

कासोन्दे न्गान्द्वे आमच्या तांब्याच्या कारखान्यात यंत्रांची माहितीपुस्तकं तयार करायची. मी शेजारच्या टेबलावर नकाशे काढायचो.

दुसरी भट्टी उभी राहिली, तेव्हा दोन्हींचं मिळून एकच जाडजूड पुस्तक करायचं ठरलं. कासोन्देचं म्हणणं, पानांचे नंबर भट्टीनिहाय वेगळे घालू आणि प्रत्येक पानाच्या माथ्यावर भट्टीचं नाव छापू. अख्खं पुस्तक खाली भट्टीपाशी कोण नेतो? लोक लागेल तेवढं पान काढून नेतात. आमच्या विभागाच्या सिलुम्ब्वे साहेबांना मात्र सलग नंबर हवे होते, आणि माथ्यावर फक्त कंपनीचं नाव नि चिन्ह. परदेशी भागीदार यायचे होते.

"भट्टीचं नाव प्रकरणाच्या सुरुवातीला आहे ना," साहेब म्हणाले. "दर पानावर कशाला तेच तेच?"

ती दोनदा भांडली. मग गप्प बसली. तिची नोकरी अजून कायम झाली नव्हती. पुस्तक मोठं देखणं झालं, भागीदारांनी चाळून मान डोलावली.

थंडी सरता सरता लुबिंडा फिटरच्या हाती एक सुटं पान पडलं. पान जुन्या भट्टीचं, तो उभा होता नव्या भट्टीपाशी. पानात लिहिलं होतं म्हणून त्यानं थंड पाण्याचा व्हॉल्व्ह बंद केला; नव्या भट्टीत तो उघडाच ठेवायचा असतो. वाफेनं त्याचे दोन्ही हात भाजले.

चौकशीत साहेब म्हणाले, पानं कासोन्देनं लावली होती. तिला ताकीद मिळाली.

ती मला घेऊन दवाखान्यात गेली. लुबिंडाची बायको नासिलेले त्याला चमच्यानं मक्याची पेज भरवत होती.

कासोन्दे म्हणाली, "ताई, असं होईल हे मी आधीच सांगितलं होतं. भांडले होते मी त्यांच्याशी."

"म्हणजे तुला माहीत होतं."

"हो."

"आणि तरी छापलंस." नासिलेलेनं चमचा खाली ठेवला नाही. "साहेबाला कळलं नव्हतं. तुला कळलं होतं. जा बाई, त्याला खाऊ दे."



पुढे साहेबांनीच नवी आवृत्ती काढायला लावली, दर पानावर भट्टीचं नाव घालून. सभेत ती त्यांचीच कल्पना म्हणून गाजली. पानं कासोन्देनंच लावली. नोकरीही कायम झाली.

लुबिंडाची बोटं सरळ झाली नाहीत. त्याला मोठ्या फाटकावर बसवलंय. कासोन्दे हल्ली मागच्या दारानं येते, लांबचा फेरा पडतो तरी.